९३,३२,७०,१८,७५० : मोठी संख्या हाताने कशी उकलावी

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर किला गेटकडून चढायला लागलं की वाटेत एकाच खडकात कोरून काढलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. तिथल्या शिलालेखावर विक्रम संवत ९३३, म्हणजे इसवी सन ८७६, अशी तारीख आहे. मजकूर अगदी व्यवहाराचा: देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब आणि १८७ हात रुंद जमीन दिली, रोज ५० हार यायचे. २७० आणि ५० मधलं शून्य बाकीच्या आकड्यांपेक्षा लहान, वाटोळं कोरलेलं आहे. ‘जगातलं पहिलं शून्य’ म्हणून ते दाखवलं जातं, तेवढं मात्र खरं नाही. कंबोडियात शके ६०५ चा, म्हणजे इसवी सन ६८३ चा शिलालेख आहे आणि त्यातही शून्य आहे. मला ग्वाल्हेरच्या शून्याचं कौतुक वेगळ्या कारणासाठी वाटतं. ते एखाद्या पंडिताच्या ग्रंथात नाही, जमिनीच्या मोजमापात आणि हारांच्या हिशेबात आहे. शून्य तोवर रोजच्या वापरात मुरलेलं होतं.

या शिलालेखातून आपण चार आकडे उचलू: ९३३, २७०, १८७, ५०. ते याच क्रमाने शेजारी शेजारी लिहिले की ९३३२७०१८७५० ही अकरा आकडी संख्या तयार होते. इथे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात शिकवणीला येणाऱ्या मुलांना मी मोठी संख्या उकलायला, म्हणजे तिचे अभाज्य अवयव पाडायला, देतो तेव्हा हीच देतो. जोडणी माझी, शिलालेख कोरणाऱ्याच्या मनात असलं काही नव्हतं. तुम्ही विजेच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक घ्या किंवा कुठलीही लांबलचक संख्या घ्या, रीत हीच राहील. कागद, पेन आणि पडताळणीला साधा कॅल्क्युलेटर पुरे. शिवाय ५० च्या आतल्या अभाज्य संख्या समोर लिहून ठेवा: २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७.

मुलांची पहिली ओढ भागायला सुरुवात करण्याची असते. दोनने भाग, तीनने भाग, सातने भाग, कॅल्क्युलेटर बडव. ते करू नका. मोठी संख्या आधी वाचायची असते, आणि ती कितीच्या गटांनी वाचता यावर ती काय बोलते हे ठरतं. भागाकार सर्वांत शेवटी.

आधी आकार समजून घ्या

स्वल्पविराम द्या: ९३,३२,७०,१८,७५०. त्र्याण्णव अब्ज, बत्तीस कोटी, सत्तर लाख, अठरा हजार, सातशे पन्नास. संख्या उतरवताना एक आकडा गळला तर पुढची सगळी मेहनत पाण्यात, म्हणून मोठ्याने वाचून खात्री करा. आकाराचा अंदाज हवा असेल तर इतके सेकंद म्हणजे सुमारे २९५७ वर्षं.

आता वर्गमूळाचा अदमास घ्या. संख्या अकरा आकडी, म्हणून वर्गमूळ सहा आकडी. थोडी खटपट केली की ते ३,०५,४९४ आणि ३,०५,४९५ यांच्या मध्ये आहे असं कळतं. म्हणजे ही पूर्ण वर्गसंख्या नाही, हा पहिला निकाल लागला. वर्गमूळाचं खरं काम मात्र दुसरंच आहे. एखादी संख्या तिच्या वर्गमूळापर्यंतच्या एकाही अभाज्य संख्येने भागली गेली नाही तर ती स्वतःच अभाज्य असते. कारण दोन अवयव असतील तर दोन्ही वर्गमूळापेक्षा मोठे असूच शकत नाहीत. ३,०५,४९४ पर्यंत अभाज्य संख्या सव्वीस हजारांच्या आसपास आहेत, आणि त्या सगळ्या तपासायच्या म्हटलं तर जन्म जाईल. पण एकेक अवयव बाहेर काढला की उरलेली संख्या लहान होते, तिचं वर्गमूळही लहान होतं आणि ही हद्द झपाट्याने आत सरकते. हाताने काम होतं ते यामुळेच.

शेपटी बघा

शेवटचे आकडे २ आणि ५ ची सगळी हकिकत सांगतात. शेवटी ० आहे, म्हणजे २ ने भाग जातो. शेवटचे दोन आकडे ५०, त्यांना ४ ने भाग जात नाही, म्हणजे २ एकदाच आहे.

५ ची गोष्ट जास्त मजेची. बहुतेक जण ‘शेवटी एकच शून्य, म्हणजे ५ एकदा’ असं म्हणून पुढे जातात. चूक. शेवटी शून्यं किती हे २ आणि ५ यांच्यापैकी जो कमी वेळा येतो त्यावर ठरतं. इथे २ एकदाच असल्यामुळे शून्यही एकच दिसतं, पण ५ किती वेळा लपलेत ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी शेवटचे दोन आकडे २५ ने, तीन १२५ ने, चार ६२५ ने, पाच ३१२५ ने तपासत जायचं. ५० जातो, ७५० जातो, ८७५० जातो, १८७५० ÷ ३१२५ = ६, तोही जातो. पुढची पायरी १५६२५ ची. शेवटचे सहा आकडे ०१८७५० त्याने जात नाहीत. म्हणजे ५ पाच वेळा.

आता एक २ आणि पाच ५ एकदम बाहेर काढू. ६२५० ने भागायची गरज नाही. संख्या चार वेळा दुप्पट करा, म्हणजे १६ ने गुणली जाईल, आणि शेवटची पाच शून्यं उडवा:

९३३२७०१८७५० → १८६६५४०३७५०० → ३७३३०८०७५००० → ७४६६१६१५०००० → १४९३२३२३०००००

शून्यं उडवून उरले १,४९,३२,३२३. अकरा आकड्यांवरून आठवर आलो, तेही नुसत्या दुपटीने.

तीन-तीनचे गट

अंकांची बेरीज सगळ्यांना येते: ९+३+३+२+७+०+१+८+७+५+० = ४५. म्हणजे ९ ने भाग जातो. पण ९ च्या पुढे, २७ ने जातो का? अंकांच्या बेरजेने ते कळत नाही. इथे बरीच मुलं ‘बेरीज २७ ने भागली जाते का ते बघू’ असा घरगुती नियम काढतात. तसा नियम नाही. ४५ ला २७ ने भाग जात नाही, आपल्या संख्येला मात्र जातो.

त्यासाठी उजवीकडून तीन-तीनचे गट पाडा: ९३ | ३२७ | ०१८ | ७५०. यांची साधी बेरीज करा: ९३ + ३२७ + १८ + ७५० = ११८८. पुन्हा गट: १ + १८८ = १८९. आता बघा, ९९९ = २७ × ३७. १००० ला ९९९ ने भागलं तर बाकी १, म्हणून प्रत्येक गटाचं वजन १ धरलं तरी २७ आणि ३७ यांच्या दृष्टीने काही बिघडत नाही. १८९ = २७ × ७, म्हणजे २७ ने भाग जातो. ३७ ने १८९ ला बाकी ४ राहते, म्हणजे ३७ बाद. एका बेरजेत एक सापडला आणि एक कायमचा कटला.

त्याच गटांवर दुसरी चाचणी, आता उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे: ७५० − १८ + ३२७ − ९३ = ९६६. या वेळी १००१ = ७ × ११ × १३ कामाला येतो. १००० हा १००१ ला एकाने कमी, म्हणून चिन्हं पालटत जातात. ९६६ = ७ × १३८, म्हणजे ७ ने भाग जातो. ११ ने बाकी ९, १३ ने बाकी ४. दोघेही बाद.

७ ने भाग जातो का हे बघायला शाळेत शेवटचा अंक दुप्पट करून वजा करायची रीत शिकवतात. तीन-चार आकड्यांना ती ठीक आहे. अकरा आकड्यांना ती दहादा करावी लागते आणि हातात फक्त ७ चं उत्तर येतं. तीनच्या गटांनी ७, ११, १३, २७, ३७ असे पाच जण दोन ओळींत निकालात निघतात. मला यापेक्षा स्वस्त सौदा माहीत नाही.

आता भागू. १,४९,३२,३२३ ला तीनदा ३ ने: ४९,७७,४४१, मग १६,५९,१४७, मग ५,५३,०४९. याच्या अंकांची बेरीज २६, म्हणजे ३ संपले. ७ ने: ७९,००७. पुन्हा ७ ने बाकी ५, म्हणजे ७ एकदाच.

पाच-पाचचे गट, आणि ४१

७९,००७ चं वर्गमूळ २८१ च्या जरा वर. तीन लाखांची हद्द २८१ वर आली. ११, १३, ३७ आधीच बाद झालेत. मूळ संख्येला जे भागत नाहीत ते तिच्या तुकड्यालाही भागणार नाहीत, त्यामुळे ते पुन्हा तपासायचे नाहीत. १७, १९, २३, २९, ३१ यांनी रोख भागाकार करा: बाक्या ८, ५, २, ११, १९. एकही नाही.

मग ४१. याच्यासाठी पाचचे गट, कारण ९९९९९ = ९ × ४१ × २७१. मूळ संख्या: ९ | ३३२७० | १८७५०. बेरीज ५२,०२९. आणि ४१ × १२६९ = ५२,०२९. गेला! (२७१ ने मात्र बाकी राहते.) एक सावधगिरी: १२६९ = २७ × ४७ आहे आणि ४७ पुढे आपल्या संख्येतही सापडणार आहे, पण पाचच्या गटांची बेरीज ४७ विषयी काहीच सांगत नाही. ४७ हा ९९९९९ चा अवयव नाही. इथे तो दिसला हा निव्वळ योगायोग, त्यावरून अनुमान काढू नका.

समोर ७९,००७ सारखी लहान संख्या असेल तर ४१ साठी आणखी सोपं: शेवटचा अंक काढा, त्याची चौपट उरलेल्यातून वजा करा. ७९०० − २८ = ७८७२, ७८७ − ८ = ७७९, ७७ − ३६ = ४१.

७९,००७ ÷ ४१ = १९२७. याचं वर्गमूळ ४४ च्या आत, म्हणजे आता फक्त ४१ आणि ४३ तपासायचे राहिले. तरी इथे मी मुलांना भागाकार करू देत नाही. ४४ चा वर्ग १९३६, तो १९२७ पेक्षा नेमका ९ ने जास्त, आणि ९ म्हणजे ३ चा वर्ग. दोन वर्गांचा फरक मिळाला: (४४ − ३)(४४ + ३) = ४१ × ४७. फर्मा या फ्रेंच गणितीची ही रीत आहे. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की ती भागाकारापेक्षा झटकन उत्तर देते.

संख्या पूर्ण उकलली:

९३,३२,७०,१८,७५० = २ × (३×३×३) × (५×५×५×५×५) × ७ × (४१×४१) × ४७

अकरा आकडी संख्येचा सर्वांत मोठा अभाज्य अवयव फक्त ४७! मुलांचे डोळे चमकतात आणि कुणीतरी विचारतंच, सर, शिलालेखात हे मुद्दाम केलंय का? त्यावर उपाय एकच: तेच चार आकडे उलट क्रमाने लिहा, ५०१८७२७०९३३. अंक तेच, म्हणून बेरीज पुन्हा ४५ आणि ९ ने भाग जातोच. पण आळीपाळीची बेरीज ८००, म्हणजे ७ बाद. साधी बेरीज १४४०, मग ४४१, म्हणजे २७ बाद. पाचच्या गटांची बेरीज ७२,८१०, ४१ ने बाकी ३५. २ आणि ५ तर केव्हाच बाद. क्रम बदलला आणि सगळी जादू उतरली.

पडताळा

पुढे जाण्याआधी गुणाकार तपासून घ्या. नवाची कसोटी जुनी आणि चांगली: ४१ × ४१ = १६८१, अंकांची बेरीज १६, मग ७. ४७ ची ११, मग २. ७ × २ = १४, मग ५. ७९,००७ ची बेरीज २३, मग ५. जुळलं. या कसोटीत एक भोक आहे. दोन अंकांची अदलाबदल झाली तर ती तिला कळत नाही, कारण तसा फरक नेहमी ९ च्या पटीत असतो. म्हणून जोडीला ११ ची कसोटीही लावा, अंकांची उजवीकडून आळीपाळीने अधिक-उणे बेरीज. १६८१ ची −२ म्हणजे ९, ४७ ची ३, गुणाकार २७, त्याची ११ ने बाकी ५. ७९,००७ ची ७ − ० + ० − ९ + ७ = ५. दोन्ही जुळल्यावर मी फारशी काळजी करत नाही.

उकललेल्या संख्येतून काय काय निघतं

कष्टाचं काम संपलं. आता प्रत्येक गुणधर्म एखाद्या ओळीचा आहे.

विभाजक किती? प्रत्येक अवयवाच्या घातात १ मिळवा आणि गुणा. घात १, ३, ५, १, २, १, म्हणून २ × ४ × ६ × २ × ३ × २ = ५७६. कारण सरळ आहे: विभाजक बनवताना ३ शून्य, एक, दोन किंवा तीन वेळा घ्यायची मुभा, म्हणजे चार पर्याय, आणि तसंच बाकीच्यांचं. विषम विभाजक हवे असतील तर २ चे पर्याय सोडा: २८८.

विभाजकांची बेरीज? आधी लहान उदाहरण करून बघा. ५० = २ × ५ × ५. (१ + २) × (१ + ५ + २५) = ३ × ३१ = ९३. खरोखर १ + २ + ५ + १० + २५ + ५० = ९३. (आपली संख्या ९३ ने सुरू होते म्हणून पुन्हा चमकू नका.) मोठ्या संख्येसाठी हेच: ३ × ४० × ३९०६ × ८ × १७२३ × ४८ = ३,१०,१२,०१,५१,०४०. यातून संख्या स्वतः वजा केली तर २,१६,७९,३१,३२,२९० उरतात, म्हणजे स्वतःच्या दुपटीहूनही जास्त. जिच्या स्वतःखेरीज बाकीच्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच येते ती परिपूर्ण संख्या, उदाहरणार्थ ६ किंवा २८. जिची जास्त येते ती विपुल. आपली चांगलीच विपुल आहे.

वर्गाशी नातं? जोडीने येणारे अवयव बाहेर काढा: ३, २५ आणि ४१, म्हणजे ३०७५. उरतात २ × ३ × ५ × ७ × ४७ = ९८७०. म्हणून संख्या = ९८७० × ३०७५ × ३०७५. ती पूर्ण वर्ग व्हायला लहानात लहान कितीने गुणावी, हा स्पर्धा परीक्षेतला लाडका प्रश्न. उत्तर तेच ९८७०, आणि येणारा वर्ग ३,०३,५०,२५० चा.

दोन वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? ४ ने भागल्यावर बाकी ३ देणारे अवयव पाहा: ३, ७, ४७. यांच्यातला एकही विषम वेळा आला तर नाही. इथे तिघेही विषम वेळा आलेत. तीन वर्गांची बेरीज मात्र जमते, कारण ८ ने भागल्यावर बाकी ६ आहे. अडचण ७ बाकीची आणि अशा संख्यांच्या ४, १६, ६४ पटींची असते. चार वर्गांत तर कुठलीही पूर्ण संख्या बसते, हे लाग्रांजने १७७० मध्ये सिद्ध केलं.

हिच्यापेक्षा लहान आणि हिच्याशी १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या संख्या किती? १ × १८ × २५०० × ६ × १६४० × ४६ = २०,३६,८८,००,०००. म्हणजे शंभरातल्या बावीसेक.

हर्षद संख्या आहे का? अंकांची बेरीज ४५, आणि ४५ ने भाग जातो: २,०७,३९,३३,७५०. आहे. हे नाव दिलं देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी, ६१७४ या संख्येमुळे जगभर ओळखले जातात तेच. मुलांना हा गुणधर्म फार आवडतो. मी त्यांना एवढंच सांगतो की तो आपल्या दहाच्या लिखाणावर उभा आहे. हीच संख्या दोनच्या पद्धतीत लिहिली तर अंकांची बेरीज बदलेल, पण अवयव तेच राहतील. विभाजक ५७६ हे संख्येच्या अंगचं, हर्षद असणं तिच्या पोशाखाचं.

गटांचं रहस्य दशांशात आहे

३७ ला तीनचे गट आणि ४१ ला पाचचे, हे कुणी ठरवलं? १ ÷ ३७ करून बघा: ०.०२७०२७०२७… तीन अंकांची आवर्तनं. १ ÷ ४१ = ०.०२४३९०२४३९… पाच अंकांची. १ ÷ २७ = ०.०३७०३७… तीनची. १ ÷ ७ मध्ये १४२८५७ ची सहा अंकी आवर्तनं, आणि सहाच्या निम्म्याने, तीनच्या गटांनी, आळीपाळीचं चिन्ह घेऊन काम भागतं. आवर्तन जितक्या अंकांचं, चाचणीचा गट तितक्यांचा. ४७ चं आवर्तन ४६ अंकांचं आहे. म्हणून ४७ साठी गटांची सोयीची चाचणी नाही आणि तो शेवटपर्यंत लपून राहिला.

याच धाग्याने आपल्या पूर्ण संख्येचा व्यस्तांक सांगता येतो. १ ला ९३,३२,७०,१८,७५० ने भागलं तर दशांश चिन्हानंतर पहिले पाच अंक आवर्तनात येत नाहीत (५ पाच वेळा आहे म्हणून), आणि मग आवर्तन सुरू होतं. २७ चं ३, ७ चं ६, ४७ चं ४६. ४१ च्या वर्गाचं ५ × ४१ = २०५, कारण ९९९९९ ला ४१ ने एकदाच भाग जातो. या चौघांचा लसावि काढा: २८,२९०. इतक्या अंकांनी तोच क्रम परत येतो, आणि एकही अंक न लिहिता आपल्याला ते कळलं.

संगणकावर करताना

एक्सेलमध्ये ही संख्या साध्या चौकटीत नीट दिसते, कारण ती अकरा आकडी आहे. विभाजकांची बेरीज बारा आकडी. ती टाकली की ३.१०१२ आणि पुढे ‘ई’ लावून दहाचा घात दिसायला लागतो. घाबरू नका, फॉरमॅट ‘नंबर’ करा. खरा धोका पंधरा आकड्यांच्या पुढे आहे. एक्सेल पंधराच आकडे जपतो आणि सोळावा गुपचूप शून्य करतो. सोळा आकडी कार्ड नंबर एक्सेलमध्ये भरून ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं, तो मजकूर म्हणूनच भरावा. आपली संख्या ९८७० ने गुणली तर ९२,११,३७,६७,५०,६२,५००, बरोबर पंधरा आकडी, अगदी काठावर. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी: दोनच्या पद्धतीत ही संख्या ३७ अंकी आहे, ३२ बिटांच्या पूर्णांकात मावणार नाही. पायथनला ही अडचण नाही. लिनक्सवर ‘फॅक्टर’ ही आज्ञा देऊन संख्या लिहिली की अवयव क्षणात समोर येतात. आधी हाताने करा, मग तिथे ताडून बघा.

संगणकालाही मर्यादा आहे. एखादी संख्या अभाज्य आहे की नाही हे ठरवणं तुलनेने सोपं. आयआयटी कानपूरच्या अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी २००२ मध्ये त्याची नेमकी आणि झटपट रीत जाहीर केली. अवयव पाडणं मात्र अवघडच राहिलंय. दोन मोठ्या अभाज्यांच्या गुणाकाराने बनलेली आरएसए–२५० ही २५० आकडी संख्या २०२० मध्ये फुटली, तीही पुष्कळ संगणक जुंपून. इंटरनेटवरची बरीचशी कुलपं अजून याच अवघडपणावर टिकून आहेत.

सरावाला एक

ग्वाल्हेरचा पिन ४७४००१ घ्या. तीनचे गट: १ − ४७४ = −४७३, आणि ४७३ = ११ × ४३. म्हणजे ११ ने भाग जातो, ७ आणि १३ ने नाही. पाचचे गट: ४ + ७४००१ = ७४,००५ = ४१ × १८०५. इथेही ४१! ४७४००१ ÷ ११ = ४३,०९१, त्याला ४१ ने भागून १०५१. याचं वर्गमूळ ३२ आणि ३३ च्या मध्ये, म्हणून ३१ पर्यंतच्या अभाज्यांनी भागून पाहा. एकानेही जात नाही, म्हणजे १०५१ अभाज्य. सहा आकडी पिनमध्ये १०५१ एवढा मोठा अवयव, आणि अकरा आकडी संख्येत सर्वांत मोठा ४७. पिनचे विभाजक किती ते आता तुम्ही काढा. उत्तर एक आकडी येईल.